भुशाखालचं तेल

(सिंगापूरमधल्या जुरोंग ईस्ट येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजक ताईंनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "घसरणे, अडखळणे आणि पडणे." पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या ताईंनी हळूच विचारलं, "म्हणजे... नैतिक अर्थानं का?"

चूक ताईंची नाही, आपल्या भाषेची आहे. मराठीत कोणाचा पाय घसरला म्हटलं की ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. जीभ घसरते, तोल सुटतो, पाऊल वाकडं पडतं. देहाच्या साध्यासुध्या अपघातांचे शब्द आपण चारित्र्याच्या खात्यात कधीच जमा करून टाकलेत. त्यामुळे होतं काय, की खऱ्याखुऱ्या ओल्या फरशीवर खराखुरा पाय घसरला, तरी त्या माणसाकडे आपण जरा संशयानंच बघतो. लक्ष कुठे होतं तुझं? आईपासून फोरमनपर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. फरशी ओली का होती, हा प्रश्न फार उशिरा येतो. बहुधा येतच नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना इथले निम्मे लोक गणपतीच्या मांडवातले काका म्हणून ओळखतात. आरतीला टाळ कोणाकडे आणि प्रसादाची पातेली कोणी परत न्यायची हे पाठ असलेले काका. मी त्यांना आधीपासून ओळखतो. ते आणि मी सिंगापूरला यायच्या आधी एकाच कारखान्यात होतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातला कारखाना. नाव सांगत नाही. ते वरिष्ठ, मी नवखा सेफ्टी ऑफिसर. डिप्लोमा होऊन वर्षही झालं नव्हतं.

जुलै महिना होता. प्रेस शॉपमधल्या एका हायड्रॉलिक प्रेसचं ऑइल सील गेलं होतं. थेंब थेंब तेल खाली पडायचं. रोज पहिल्या पाळीचा हेल्पर सुतारशाळेतून पोतंभर भुसा आणायचा आणि पसरून टाकायचा. दुपारपर्यंत त्याचा काळा लगदा व्हायचा. मग दुसऱ्या पाळीचा हेल्पर त्यावरच नवा भुसा टाकायचा. वरून बघाल तर कोरडं, पिवळं, सागाच्या वासाचं. खाली तेल. त्या खात्यातल्या माणसांना हे ठाऊक होतं, म्हणून ती प्रेसला वळसा घालून जायची. इतकी वर्षं वळसा घातला होता की कारखान्याच्या कोब्यावर चक्क पायवाट उमटली होती.

एके दिवशी टूल रूममधला एक फिटर दोन्ही हातांत डाय धरून सरळ रेषेत आला. सरळ रेषेत येणं एवढाच त्याचा गुन्हा. पाय पुढे गेला, माणूस मागे पडला. पडताना त्यानं डाय सोडून हात टेकला आणि मनगट मोडलं. या मोडीला डॉक्टर कोलेस फ्रॅक्चर म्हणतात. डब्लिनच्या अब्राहम कोलेस यांनी १८१४ साली तिचं वर्णन केलं, क्ष-किरणांचा शोध लागायच्या ८१ वर्षं आधी, नुसत्या बोटांनी चाचपून. पडणारा माणूस हात टेकतो आणि मनगट बळी जातं, एवढी ही जुनी आणि नेमकी गोष्ट आहे.

अपघात रजिस्टर माझ्याकडे होतं. 'अपघाताचे कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'कामगाराचे दुर्लक्ष.' माझं अक्षर वळणदार आहे, त्यामुळे ते दोन शब्द अजूनही डोळ्यांपुढे येतात. काकांनी वाचलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सील केवढ्याला येतं रे?"

मी स्टोअरमध्ये गेलो. सील तिथे पडून होतं. चौदा रुपये. पण ते बसवायला प्रेस अर्धी पाळी बंद ठेवावी लागणार होती आणि उत्पादनाच्या फळ्यावर त्या अर्ध्या पाळीला जागा नव्हती. भुशाला मात्र रोज जागा होती, कारण भुसा कोणाच्याच हिशेबात नव्हता.

आता गंमत अशी, की १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम ३२ नेमकं हेच सांगत होतं : जमिनी, जिने आणि येण्या-जाण्याच्या वाटा भक्कम ठेवा, त्यांत अडथळा नको आणि पाय घसरेल असा पदार्थ नको. त्याच कायद्याचं कलम १०८ सांगत होतं की कायद्याचा गोषवारा कामगारांना समजेल त्या भाषेत लावा. तो आमच्याकडे मराठीत, काचेच्या चौकटीत, टाइम ऑफिसच्या भिंतीवर होता. मी रोज त्याच्यासमोरून जात असे. काच कोणीतरी नेमानं पुसायचं.

माझ्या त्या दोन शब्दांना शास्त्राचा आधारही होता बरं का. हर्बर्ट हाइनरिक नावाच्या विमा कंपनीतल्या अमेरिकन गृहस्थांनी १९३१ साली औद्योगिक अपघातांवर एक पुस्तक लिहिलं. त्यातला त्रिकोण सगळ्या सेफ्टी ऑफिसरांना तोंडपाठ असतो : एका मोठ्या इजेमागे २९ किरकोळ इजा आणि ३०० विनाइजेच्या घटना. त्याच पुस्तकात असंही होतं, की १०० पैकी ८८ अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्यानं होतात. त्या आकड्यांवर पुढे खूप टीका झाली. टीकेतला मला पटणारा भाग असा, की त्यांचा बराच आधार कारखान्यांतल्या सुपरवायझरांनी भरलेले अपघाताचे फॉर्म हा होता. म्हणजे माझ्यासारख्यांनी 'दुर्लक्ष' लिहायचं, हाइनरिक यांनी त्याची बेरीज करायची आणि ती बेरीज वाचून पुढच्या पिढीनं पुन्हा 'दुर्लक्ष' लिहायचं!

जुरोंगकडे येतो. आज आपण मेट्रोच्या इंटरचेंजपासून चालत, मॉलमधून गारेगार होत इथे आलो. १९६१च्या सुमाराला हा सगळा परिसर दलदल, झाडी आणि टेकड्या असा होता. तेव्हाचे अर्थमंत्री गोह केंग स्वी यांनी टेकड्या कापून दलदल भरायला घेतली, तेव्हा या उद्योगाला लोक 'गोह यांचा खुळेपणा' म्हणत. मग पोलादाचा कारखाना आला, जहाजदुरुस्तीचे यार्ड आले, १९६८ साली जुरोंग टाउन कॉर्पोरेशन आलं. आणि जिथे यार्ड आले, तिथे अपघात आले. १२ ऑक्टोबर १९७८ रोजी जुरोंग शिपयार्डमध्ये 'स्पायरॉस' या ग्रीक तेलवाहू जहाजात दुरुस्ती चालू असताना स्फोट झाला आणि ७६ माणसं गेली. २००४ मध्ये सहा आठवड्यांच्या आत तीन दुर्घटना घडल्या. २० एप्रिलला निकोल हायवे खचून चार, त्याच महिन्यात फ्यूजनोपोलिसच्या बांधकामावर दोन आणि मे महिन्यात एका जहाजाला लागलेल्या आगीत सात मृत्यू. त्यानंतर जुना कारखाना कायदा बाजूला ठेवून १ मार्च २००६ पासून वर्कप्लेस सेफ्टी अँड हेल्थ अ‍ॅक्ट लागू झाला.

हे मी एवढ्यासाठी सांगतो, की कायदे मोठ्या आवाजाला जागे होतात. स्फोट होतो, रस्ता खचतो आणि संसदेत चर्चा होते. फरशीवर पडलेल्या माणसाचा आवाज 'धप्प' एवढाच असतो, आणि त्यावर बहुधा कोणीतरी हसतं. या देशात २००४ साली एक लाख कामगारांमागे ४.९ मृत्यू होत. २०२३ मध्ये हे प्रमाण ०.९९वर आलं, त्या वर्षी कामावर ३६ माणसं गेली. पुढच्या वर्षी आकडा पुन्हा ४३वर चढला, तरी उतार खरा आहे आणि कौतुकाचाही आहे. पण जीव न जाता झालेल्या इजांची यादी बघा. वर्षानुवर्षं तिच्यात घसरणं, अडखळणं आणि पडणं आघाडीवर आहे. उंचावरून पडण्याची गोष्ट निराळी. तिला आपण भितो, तिच्यासाठी पट्टे आहेत, परवाने आहेत, तीन मीटरच्या वर खास नियम आहेत. सपाटीवर पडायला परवाना लागत नाही.

एक बदल मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याची बातमी मात्र फारशी कोणी वाचली नाही. इथल्या मालकांना पूर्वी सहसा तीन दिवसांपेक्षा जास्त वैद्यकीय रजा लागली तरच अपघात कळवावा लागे. १ सप्टेंबर २०२० पासून एका दिवसाची रजा किंवा नुसतं हलकं काम दिलं तरी कळवावं लागतं. मुरगळलेला घोटा सरकारदरबारी पोचला तो तेव्हा. शिवाय भरपाईसाठी चूक कोणाची हे कामगाराला सिद्ध करावं लागत नाही. इजा कामामुळे झाली एवढं पुरतं. म्हणजे माझा तो 'दुर्लक्ष'चा रकाना भरपाईच्या हिशेबातून तरी कायद्यानं काढून टाकला. लोकांच्या मनातून काढायला वेळ लागेल.

थोडं पायाविषयी बोलू. चालताना आपण पाऊल उचलतो म्हणतो, पण उचलतो किती? पाऊल पुढे झोकताना अंगठ्याचं टोक जमिनीपासून जेमतेम एक-दीड सेंटिमीटर वर असतं. शरीर काटकसरी आहे, गरजेपेक्षा उंच उचलत नाही. म्हणून फरशीची उचललेली कड, पायपुसण्याचा दुमडलेला कोपरा किंवा वेल्डिंगची केबल, एवढं पुरे होतं. घसरण्याचं गणित याच्या उलट आहे. टाच टेकते त्या क्षणी शरीराचा भार तिच्यावर येत असतो आणि फरशी ओली असली तर तळव्याखाली पाण्याचा पातळ थर असतो. त्या थरातून वर डोकावतील एवढे बारीक उंचवटे फरशीला असले तर पाय धरतो. पाण्यासाठी सुमारे २० मायक्रॉनचा खरबरीतपणा लागतो, तेलासाठी त्याहून बराच जास्त. डोळ्यांना हे दिसत नाही. डोळ्यांना दिसते ती चकाकी, आणि बिल्डर चकाकी विकतो. आपल्या आजीच्या अंगणातली शहाबादी फरशी खडबडीत होती म्हणून आपण तिला गावठी म्हटलं. अर्थात श्रावणात तिच्यावर शेवाळ चढलं की तीही कोणाला सोडत नसे.

फरशी किती धरते हे मोजायला एक लंबक असतो. त्याच्या टोकाला रबराची पट्टी. ती ओल्या फरशीला घासत वर जाते आणि जितकी कमी वर जाईल तितकी फरशी चांगली. वाचन ३६ किंवा त्याहून वर आलं तर धोका कमी, २५च्या खाली गेलं तर जास्त. सिंगापूरचं एसएस ४८५ हे मानक याच कामासाठी आहे. दुकानातल्या फरशीच्या नमुन्यावर चिकटवलेली ही माहिती कोणी वाचताना मी पाहिलेलं नाही. भाव मात्र सगळे वाचतात.

आणि केळीची साल! जपानमध्ये कियोशी माबुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सालीवर पाय देऊन घर्षणांक मोजला. तो सुमारे ०.०७ भरला, म्हणजे चांगलं वंगण दिलेल्या पृष्ठभागाच्या पंक्तीतला. सालीच्या आतल्या बारीक पुटिकांतला रस दाबला गेला की त्याचं बुळबुळीत वंगण होतं. या संशोधनाला २०१४ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं पारितोषिक. रावेर-यावलच्या केळीबागेतल्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, एवढ्यासाठी जपानला कशाला जायचं?

पण मला सगळ्यांत शिकवून गेली ती न्यूयॉर्कची एक पायरी. ब्रुकलिनमधल्या ३६व्या रस्त्याच्या सबवे स्टेशनवरच्या जिन्यात एक पायरी इतरांपेक्षा किंचित उंच होती. डीन पीटरसन नावाचा चित्रपट दिग्दर्शक तिथे रोज अडखळायचा. २०१२ साली त्यानं कॅमेरा लावला. माणसामागून माणूस त्याच पायरीवर ठेचकाळतो. कडेवर मूल घेतलेला बाप ठेचकाळतो. प्रत्येक जण सावरतो, इकडेतिकडे बघतो आणि पुढे जातो. प्रत्येकाला वाटतं, आपलंच लक्ष नव्हतं. ती चित्रफीत जगभर पाहिली गेल्यावर पायरी दुरुस्त झाली. त्याआधी किती लोकांनी तिथे स्वतःला दोष दिला असेल!

आपल्याकडे म्हण आहे, पुढच्याला ठेच, मागचा शहाणा. लहानपणापासून मी ती उपदेश म्हणून ऐकली. सेफ्टीच्या धंद्यात तीस वर्षं काढल्यावर तिच्यातली गोम कळली. पुढच्यानं 'आई गं' म्हणायला हवं. तो ओठ आवळून, सावरून, कोणी पाहिलं का ते बघून पुढे गेला, तर मागच्याला शहाणपण येणार कुठून?

एका यार्डमध्ये, नाव अर्थातच नाही, आम्ही थोडक्यात बचावलेल्या प्रसंगांसाठी पेटी लावली होती. कार्डं होती, दोरीला बांधलेलं पेन होतं. सहा महिन्यांत चार कार्डं आली आणि त्यांतली दोन कँटीनच्या मच्छीविषयी होती. मी हताश झालो. काका म्हणाले, उद्या माझ्याबरोबर डेकवर चल. ते ग्रेटिंगवरून चालताना प्रत्येक जागी थांबून कामगाराला एकच विचारत, "इथे तू वळसा कुठून घालतोस?" पडलास का, असं विचारत नसत. त्याचं उत्तर नेहमी 'नाही' असतं. परमिटवर आलेला, कर्ज काढून आलेला माणूस पडलो म्हणून कशाला सांगेल? त्याला वाटतं, पडणारा म्हणून नाव लागलं तर परतीचं तिकीट. पण वळसा सांगायला त्याला अभिमान वाटायचा. ती त्याची हुशारी होती. "साहेब, इथे होज असतो, मी पाइपवरून जातो." "साहेब, पावसात ही शिडी नको, पलीकडची." दोन तासांत आमच्याकडे चौदा वळसे जमले. प्रत्येक वळशाच्या पोटात एक न बदललेलं सील होतं. होजला वर टांगायला आकडे लावले, शिडीच्या पायऱ्यांना खरबरीत पट्ट्या आल्या, एका ठिकाणी नुसता दिवा लागला. पेटी गेली. मच्छीचं काय झालं ते आठवत नाही.

आणि तो पिवळा फलक? पाय हवेत गेलेल्या, हात पसरलेल्या माणसाचा. मला त्याचा राग आहे, हे कबूल करतो. इथल्या युहुआच्या बाजारात मासळीवाला बर्फाचं पाणी फरशीवर सोडतो तेव्हा तो गमबूट घालतो, गटाराची जाळी साफ ठेवतो आणि दिवसातून कितीदा तरी पाणी ओढून काढतो. त्याला फलकाची गरज नाही, कारण त्याला पाणी कुठे जातं ते माहीत आहे. ऑफिसच्या लॉबीत मात्र पाऊस येवो न येवो, फलक बारा महिने उभा. कोरड्या फरशीवरचा फलक डोळ्यांना खोटं शिकवतो. आठवडाभरात डोळे तो बघायचं सोडतात. पाणी आत येऊच नये म्हणून दारात छप्पर आणि लांबलचक चटई हवी, आलेलं निघून जाईल असा उतार हवा, मग फरशी, मग बूट, आणि हे सगळं होऊनही काही उरलं तर फलक. पण फलक स्वस्त, हलका आणि फोटोत छान दिसतो. तो भुशाचाच शहरी भाऊ आहे. आणि सिंगापूरचा पाऊस कोकणासारखा जूनमध्ये सांगून येत नाही. कोणत्याही दुपारी चार वाजता अर्ध्या तासात कोसळतो, आणि पुसायला धावते ती सफाईकाम करणारी सत्तरीची आजीबाई. तीच ओल्या फरशीवर सगळ्यांत आधी चालते.

काही पडणी तर कोणत्याच रजिस्टरमध्ये बसत नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर, पावसात, अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यातली बरीच कामावर निघालेली. गिरण्यांच्या जागी ऑफिसं उभी राहिली, त्यांच्या लॉबीत संगमरवर आला. जिना तोवर होता तेवढाच राहिला होता. ती माणसं ना कोणाच्या कारखान्यात पडली, ना कोणाच्या ऑफिसात.

आणि आपली घरं. इथे बसलेल्यांपैकी अनेकांकडे घरकामाला मुली आहेत. कामगार भरपाईच्या कायद्यात त्या येत नाहीत. त्यांच्यासाठी मालकानं वर्षाला किमान ६०,००० डॉलरचा अपघात विमा काढायचा असतो. खिडक्या पुसताना मुली पडून मेल्या, तेव्हा २०१२ मध्ये सरकारला नियम करावा लागला : जाळी बंद असल्याशिवाय आणि मालकीण, मालक किंवा त्यांच्या वतीनं कोणी प्रौढ माणूस समोर असल्याशिवाय बाहेरच्या बाजूनं खिडकी पुसून घ्यायची नाही. आता दिवाळी येईल. चकलीच्या तेलाचे शिंतोडे ओट्याखालच्या टाइल्सवर पडतील, माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर स्टूल चढेल आणि आपण हॉलमधून ओरडू, "जपून गं!" ते 'जपून' म्हणजे घरगुती पिवळा फलक. माझ्या घरीही हेच चालायचं. परवा ओट्याखाली वाकून पाहिलं. सिंकखालचा पाइप टपकत होता आणि त्याच्या खाली जुन्या बनियनचं पोतेरं नीट घडी करून ठेवलेलं होतं. विचारलं तर आमच्याकडे घरकामाला असलेली मुलगी म्हणाली, वर्ष झालं, सर. मी तिथून वळसा घालून जाते.

वॉशर दीड डॉलरचा होता.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळ बघतायत. आत येताना हॉलच्या दाराशी मी पाहिलं, आपण रीतसर शंभरेक जोड्या चपला नेमक्या वाटेत काढून ठेवल्यात. बाहेर पाऊस आहे, म्हणजे त्या ओल्याही असणार, आणि मागे चहाचा वास सुटल्यामुळे आता सगळे एकदमच निघतील. ज्यांच्या चपला ढिगाच्या वर आहेत त्यांनी आधी उठावं. माझ्या तळाशी आहेत, मी थांबतो.